दुसऱ्या खलनायकाचा आवाज

रविवार, १२ जानेवारी

चोर! चक्क माझा आवाज चोरला!

दुपारी टीव्हीवर 'वज्रवीर २' लागला. परदेशी सिनेमा, जुना. मराठी डबिंग मात्र नवीन. मी मुद्दाम बसलो. 'गरुडमानव २'मधल्या खलनायकाला, त्या काळ्या डगल्यातल्या न्यायाधीशाला, मराठी आवाज माझा. लोक या दोन सिनेमांची नेहमी तुलना करतात, म्हटलं बघू तरी यातला खलनायक कोणी केलाय.

धरण फोडणारा तो इंजिनिअर पाठमोरा उभा होता. म्हणाला, "पाणी कुणाचं ऐकत नाही." — आणि मी खुर्चीतून उठलोच. माझा आवाज! घशाच्या ऑपरेशनआधीचा. जो आता माझ्याकडेही नाही! आता नुसती खरखर. घरी उतरलेल्या पाहुण्यांना चहा विचारायचा तरी बायको, सुनीती, विचारते.

तिला म्हटलं, "आयकलंस गो?" ती बांगडे साफ करायला निघून गेली.

मी हा सिनेमा केलेला नाही. एक शब्दही नाही! जुनी रेकॉर्डिंगं त्या आवाजाची नक्कल करणाऱ्या मशीनमध्ये घातली असणार. जयराम मुका झाला, आता विचारतो कोण!

सोमवार, १३ जानेवारी

शेजारचा लवू, पर्यटकांना होडीतून फिरवतो तो, सकाळीच कुंपणाशी. "जयरामभाऊ, काल तुमचो पिक्चर बघलंय! जजापेक्षा हो इंजिनिअर भारी. जज नुसतो बोंबलता. ह्याचां माका वायट वाटलां."

वाईट वाटलं! खलनायकाबद्दल! अरे, दशावतारात राक्षस आला की पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. तसा माझा न्यायाधीश होता. हसला की थिएटर गार पडायचं. आणि हा इंजिनिअर — मुलगी पुरात गेली, वज्रवीर वेळेवर आला नाही, म्हणून धरणं फोडत सुटलेला रडका माणूस. तो भारी?

चोरलेल्या आवाजात भारी!

बुधवार, १५ जानेवारी

मुंबईला डबिंगच्या स्टुडिओत फोन लावला. विनीता, तिथली मॅनेजर. "सर, तुमचं नीट ऐकू येत नाहीये." पुन्हा बोललो. "सर, जरा मोठ्याने." मोठ्याने! फोन आपटणार होतो. सुनीतीने हातातून घेतला आणि तीच बोलली.

मशीन नाही म्हणे. माणूस आहे. नाव सांगू नका म्हणालाय.

म्हणजे नकल्या! मशीनला निदान लाज नसते.

शनिवार, १८ जानेवारी



सुदेश न कळवता आला. आमचा मुलगा, ठाण्यात विम्याच्या कंपनीत — निदान मी तसं समजत होतो. पडवीत बॅग ठेवली आणि म्हणाला, "बाबा, तो इंजिनिअर मी आसंय."

मी हसलो. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बोलला, प्रमाण मराठीत. "पाणी कुणाचं ऐकत नाही."

मी माझ्या पाठीमागे उभा राहून मलाच ऐकत होतो. घरात तो मालवणी बोलतो, आईच्या हेलात. आवाज माझाच आहे हे कधी लक्षातच आलं नाही.

सुनीतीला ठाऊक होतं! तिनेच त्याला बोलावून घेतलं.

जेवताना विचारलं, "माका कित्या सांगूक नाय?"

"तुमचो आवाज गेलो, आणि तोच घेवन मी पोट भरतंय. कसां सांगू?"

"तुझो स्वतःचो आवाज नाय?" ओरडलो. म्हणजे खरखरलो.

"ह्योच माझो आवाज, बाबा. दुसरो खंयसून आणू?"

ताट सरकवून उठलो.

रविवार, १९ जानेवारी

बोललो नाही. त्याच्याशीही, तिच्याशीही. सुदेश समुद्रावर जाऊन बसला. सुनीती दारातून बघत राहिली, एकदा किनाऱ्याकडे, एकदा माझ्याकडे. मला काय बघायचंय? फसवलं कोणी कोणाला?

दुपारी मोबाइलवर सिनेमा पुन्हा लावला. चुका काढायला! एकेक चूक त्याच्या तोंडावर मारणार होतो.

फुटलेल्या धरणावर वज्रवीर समोर येतो तेव्हा इंजिनिअर विचारतो, "त्या दिवशी तू कुठे होतास?" मी असतो तर गरजलो असतो. न्यायाधीशाच्या प्रत्येक प्रसंगात तेच केलं, वाहवा मिळवली. हा पोरगा आवाज खाली नेतो. इतका खाली, की मी मोबाइल कानाशी नेला.

राग गेलेला नाही. वाढलाय! हे मला का नाही सुचलं?

सोमवार, २० जानेवारी

सुदेश बॅग भरत होता. त्याला समोर बसवलं. म्हटलं, "शेवटच्या सीनात पाणी इंजिनिअराच्या गळ्याक लागता, थंय श्वास उशिरा घेतलंस. तां वाक्य परत म्हण."

म्हणाला. मग पुन्हा. ठाण्याची संध्याकाळची गाडी निघून गेली.