पाहुण्याला सोबत केल्याचे शून्य गुण

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
आंतरराष्ट्रीय भाषाशिक्षण प्रकल्प कक्ष, परभणी

विषय : शिवकन्या (इयत्ता सहावी) हिचे कृती क्र. ७ मधील शून्य गुण कायम ठेवून फेरमूल्यमापन रद्द करणेबाबत.
संदर्भ : विद्यार्थ्याला जागेवरून हलू न देण्याबाबतचे आपले पत्र, दि. ९ जानेवारी.

महोदय,

१. अर्जदार सावरवाडी (ता. जिंतूर) येथे इंग्रजी शिकवतो. आपल्या प्रकल्पात मुलांनी टॅब गळ्यात अडकवून खरेखुरे काम इंग्रजीतून करायचे आणि टॅबने त्यांची वाक्ये मोजायची, अशी रीत आहे. कृती सातवी : पाहुण्याला देवळाची वाट सांगा. पाहुणी म्हणून परदेशी परीक्षक बाई स्वतः एसटी थांब्यावर उभ्या राहिल्या.

२. शिवकन्या वाट सांगत बसली नाही. तिने बाईंची पिशवी घेतली आणि त्यांना थेट महादेवाच्या पायरीशी नेऊन पोचवले. आमच्याकडे पाहुण्याला असेच पोचवतात. वाटेत कापूस, आजीचे गुडघे, म्हशीचा स्वभाव, सगळे इंग्रजीतून. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली पोर! अर्जदाराचे डोळे भरून आले, हे नमूद करणे भाग आहे. टॅबला मात्र डावे-उजवेचे एकही वाक्य सापडले नाही. अकरा देशांना तक्ता एकच, त्यात 'सोबत गेली' असा रकानाच नाही. म्हणून शून्य.

३. त्यावर अर्जदाराने फेरमूल्यमापन मागितले, तिथेच अक्कल गहाण पडली. आपण ते मंजूर केले, पण पोरीने जागेवरून हलायचे नाही, या संदर्भीय अटीवर. शून्य राहिले तर शाळेचे टॅब परत जातील या धास्तीने अर्जदाराने थांब्याच्या सिमेंटवर खडूने गोल आखला आणि महिनाभर पोरीला त्यात उभे करून सराव घेतला. पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "सर, पाव्हण्याला एकट्यालाच धाडायचं का?" अर्जदार तिच्यावर खेकसला.

४. गेल्या सोमवारी सराव चालू असताना अर्जदार हजेरीसाठी शाळेत गेला. तेवढ्यात एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या कस्तुराबाई एसटीतून उतरल्या. त्यांना देवळामागे लेकीकडे जायचे होते. शिवकन्येने गोलात उभे राहून डावे-उजवे बिनचूक सांगितले. म्हातारी दुपारी कालव्याच्या कडेला सापडली, पाय मुरगळलेला, घशाला कोरड. जाब विचारायला गेलेल्या अर्जदाराकडे पोर मोठ्या आशेने बघत होती.

"सर, रेघेच्या भाईर पाय न्हाई टाकला मी."

महोदय, ती आता नक्की पास होईल. म्हणूनच हात जोडून विनंती, की तिची परीक्षा पुन्हा घेऊ नये व ते शून्य तसेच राहू द्यावे. गोल अर्जदाराने पुसला आहे. पोर अजून तिथेच थांबते.

आपला नम्र व शरमिंदा,
शिवप्रकाश नागप्पा हलगे
सहशिक्षक, सावरवाडी
दि. १८ फेब्रुवारी

सोबत : टॅब, बारा नग, चार्जरसह.