बारा ओंजळी तीळ

रहिमतपूर,
ता. १० मे १९४९

तीर्थस्वरूप दादांस, अंबूचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मी इथे खुशाल आहे. म्हैस व्याली हे वाचून बरं वाटलं. वहिनींचा गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाही.

पण पुढची ओळ वाचली आणि जेवणावरची वासनाच उडाली. यंदा मृगात सगळ्या माळावर आमच्या बियाणे केंद्राचा पांढरा तीळ पेरणार, आणि वहिनींनी डेऱ्यात जपलेलं तांबड्या तिळाचं बी महिनाअखेर घाण्यावर घालणार, असं तुम्ही लिहिता. दादा, थांबा. आधी हे पुरतं वाचा.

पांढरा सरस ठरला तो कसा, ते ऐका. गेल्या वर्षी दोन्ही तीळ तीन गावी पाच-पाच गुंठ्यांत पेरले होते. रहिमतपुरात काळी जमीन, विहिरीचं पाणी. तिथे पांढरा अठ्ठावीस शेर, तांबडा एकोणीस. कवठे महांकाळला पांढरा दहा, तांबडा तेरा. आपल्या आटपाडीच्या माळावर पांढरा बारा, तांबडा अकरा. केंद्राच्या साहेबांनी तिन्हींची बेरीज केली, तीनने भागलं आणि पांढराच सगळीकडे पेरावा असा हुकूम छापायला दिला. जणू रहिमतपूरच्या विहिरीचा तिसरा हिस्सा आपल्या मुरमात आपोआप झिरपतो!

मी भांडले. म्हटलं, एकेका गावाचा निकाल वेगळा सांगा, कोरड्या गावांना ओल्या गावाचा आकडा काय कामाचा? साहेब हसले. तक्ता माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बाई, तुमच्या आटपाडीतही पांढराच वरचढ आहे. हे अक्षर कुणाचं?"

अक्षर माझं होतं.

दोन दिवस मी त्यांच्यावरच संतापत राहिले. मग तुमचं पत्र आलं आणि राग त्यांच्यापाशी थांबेना.

दादा, तो अकरा खोटा आहे. झाडणीच्या दिवशी तुम्ही परगावी होता. बारा बायांनी वाळल्या पेंढ्या उलट्या धरून तीळ झाडला. रीतीप्रमाणे वहिनींनी वजनाआधी प्रत्येकीच्या पदरात एक ओंजळ घातली. पांढऱ्याच्या पट्टीवर मात्र एकीनेही पदर पुढे केला नाही. राहीबाई म्हणाली, "आवं, त्यो नगं. त्येला वास न्हाई, चव न्हाई. संक्रांतीला आमी काय भुसा वाटायचा व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग शिपायाने उरलेला तीळ तोलला आणि मी अकरा लिहिले. बारा ओंजळी म्हणजे तीन शेर. तांबडा चौदा होता.

हे मला तेव्हाच कळत होतं. बाईमाणसाला शेतावरची शिस्त राखता येत नाही, असं साहेब आधीच बोलले होते. माझ्याच वहिनीने वजनाआधी वाटा दिला हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी गप्प राहिले आणि माझी जागा राखली.

वहिनी बी द्यायला नको म्हणाल्या, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "बी.एस्सी. झालेल्या पोरीपरास तुला जास्त कळतंय व्हय?" तुम्ही हे अभिमानाने लिहिलं आहे. मला ते वाचवत नाही. जास्त त्यांनाच कळत होतं.

काल मी खरा तक्ता वरच्या कचेरीला पाठवला. तीन गावं, तीन निकाल, बेरीज नाही. खाली माझी चूक आणि माझं नाव. साहेब तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी जाईल असं दिसतं. गेली तरी रडायचं नाही असं ठरवलंय, जमेल की नाही ठाऊक नाही.

तक्त्याने हुकूम फिरेल याची खात्री नाही. गावात बाकीच्यांनी जुनं बी मोडलं असेल, तर आपल्या डेऱ्यातलं तेवढंच उरेल. ते घाण्यावर जाऊ देऊ नका. माळावर तांबडाच पेरा.

हे पत्र वहिनींसमोर मोठ्याने वाचा. मधलं काही गाळू नका. राग आला तर माझ्यावर काढा, आणि त्यांना जे बोललात ते त्यांच्यासमोरच मागे घ्या.

आपल्याच माळाचा खोटा आकडा लिहिणारी, वहिनींची अपराधी,
तुमची धाकटी बहीण
अंबू