अर्ध्यावर सोडलेला सिनेमा

सदर, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७८

आयुष्मती गोपिका हिले सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. खानावळीतली भाजी तिखट असते, पण जेवण वेळेवर होते. फिल्म सोसायटीतलं काम तेच आहे. सभासदांच्या आधी सिनेमा पाहायचा आणि त्याची गोष्ट चार ओळींत लिहून द्यायची.

तू शेजारणींले वाचून दाखवते म्हणून सांगतो. एका सिनेमात म्हातारा पोस्टमन रिटायर होते, तरी रोज सकाळी गावभर फिरून येते. दुसरी डॉक्युमेंटरी कोळसा खाणीची आहे. त्यातली बाई नवऱ्याच्या डब्यात रोज एक भाकर जास्त बांधते. काहून, ते कोणी विचारत नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? तू जेवते ना वं?

काल तिसरा पाहिला. त्यात बाप तापलेल्या पोरीले खांद्यावर घेऊन दवाखान्यात निघते. रस्त्यात पोरगी त्याचा कान धरून हासते. आपली सुजाता गेली, त्या दिवशी माह्या खांद्यावर अशीच हासली होती. मी तिथूनच उठून बाहेर आलो.

तेवढंच लिहून दिलं. साहेब म्हणाले, "बळीराम, शेवट काहून नाही लिहिला?" मी म्हटलं, शेवट सांगितला तर लोकं पाहाले येणार नाहीत.

तिचा फ्राक पेटीतच राहू दे. आणि शेजारणींनी या गोष्टीचं पुढचं विचारलं, तर सांग, बाप-लेक अजून चालून राहिले आहेत.

तुहा,
बळीराम