न वाचलेली ओळ

उरा, भूतान

थुकतेन, बाळा,

ऑस्ट्रेलियातून तुझा फोन आला होता. "आपा, दोन-दोन नोकऱ्या करतोय, झोपच मिळत नाही." आणि मी अक्कल पाजळली, "सगळं अनित्य आहे, श्वासाकडे लक्ष दे." घरी ये, एवढं म्हणालो नाही. तिसऱ्या दिवशी गाडी चालवताना तुझा डोळा लागला.

गावात कुणीही गेलं की एकोणपन्नास दिवस पोथी मीच वाचतो. रडणाऱ्यांना दटावतो, "रडू नका, जाणाऱ्याची वाट अडते." म्हणून पोटचं पोर गेलं तरी तुझ्या आमानं डोळ्यांतून थेंब गाळला नाही. रोज तुझं ताट तेवढं वाढलं, तुला आवडते तशी जास्तीची मिरची घालून.

आज एकोणपन्नासावा दिवस. पोथीची शेवटची ओळ असते, 'आता मागे वळून पाहू नकोस, जा.' ती ऐकल्याशिवाय जीव सुटत नाही, भटकत राहतो, असं मीच लोकांना सांगत आलोय.

आमा समोर हात जोडून बसली होती. मी ती ओळ न वाचताच पोथी बांधली.

"वाचली नाहीत ना?" ती म्हणाली.

ती उठली आणि तिनं तुझं ताट पुन्हा वाढायला घेतलं.

तुला जाऊ न देणारा,
आपा