लायसन्स परत आलं

अरे, तुझं जप्त झालेलं लायसन्स सकाळी टपालाने परत आलं. गाडीच्या किल्लीजवळ ठेवलंय. मी छकुलीला लस द्यायला बसने दवाखान्यात चाललेय.

एक सांगायचं राहून गेलंय. पार्टीहून येताना पोलिसाने तुला मशीनमध्ये फुंकायला लावलं, तेव्हा "दोनच पेग झालेत हो, दादा," म्हणत मीच त्याच्याशी हुज्जत घातली. मागच्या सीटवर झोपलेली आपली पोर त्याला दिसली, मला नाही दिसली. चुकलंच माझं. सहा महिने तू निमूटपणे बसने गेलास, थेंबालाही शिवला नाहीस. मी बघत होते.

बाराला आम्हाला न्यायला ये. गाडी इतके दिवस उभी आहे, सुरू व्हायला कुरकुर करेल. तरी ये. परतीची बस मी धरणार नाहीये.