बाबांच्या लायसनची सुनावणी

अकोला, ६ जानेवारी १९६४
बाबांचं ट्रकचं लायसन जप्त. बार्शीटाकळीहून येताना भरल्या कापसावर बाजाराची माणसं बसवली. पोलिसाने हात दाखवला तरी थांबले नाहीत. म्हणाले, थांबलो असतो तं त्यानं सारे उतरवले असते. सुनावणी २० तारखेला, अमरावतीला. तोवर गाडी चालवायची नाही. चालवली तर लायसन कायमचं रद्द.
काळजीचं कारण नाही. मी लक्ष घातलं आहे.

९ जानेवारी
अमरावतीला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नेमणूक मिळाली. बाबांचं लायसन सुटलं की घर चालेल, मी इथलं ऑफिस सोडायला मोकळी. माय म्हणाली, आन् नाही सुटलं तं? हा प्रश्न गैरलागू आहे.

१३ जानेवारी
मोटार कायदा वाचला. मुद्दा सापडला: बाबा भाडं घेत नाहीत. साक्षीदार म्हणून कापसावरचीच माणसं नेणार. नत्थुजी म्हणाले, सांगतो ना सायबाले, हा श्रावण डायवर गाडी अशी पळवते का पोटातलं पानी हालत नाही. 'पळवते' गाळा म्हटलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, मंग काय, ढकलत नेते म्हनू?
तालीम समाधानकारक.

१७ जानेवारी
बाबा ओट्यावर बसून पायाने क्लच दाबत असतात. मायने विचारलं, कोन्या गावाले पोचले? मी ऐकलं नाही.

२० जानेवारी, सकाळ
एस.टी. भरून गेली. साक्षीदार स्टँडवर उभे. मालकाचा ट्रक रिकामा अमरावतीला जायचा होता, पण बदली ड्रायव्हर आलाच नाही. उशिरा पोहोचणं मला पसंत नाही. बाबा नको म्हणाले. मी म्हटलं, मूर्तिजापूरपर्यंतच चालवा. तिथे दुसरा ड्रायव्हर मिळेल.

संध्याकाळ
मिळाला नाही. तरी वेळेत पोहोचलो.
परिवहन अधिकारी कचेरीच्या दारातच उभे होते. नत्थुजींनी ट्रकमधूनच साक्ष सुरू केली: पाहा सायेब, अकोल्याहून आलो, पोटातलं पानी हाललं नाही! मनकर्णाबाईंनी खाली उतरायला साहेबांचाच हात धरला.
साहेबांनी बाबांना विचारलं, चालवायला कोणी सांगितलं? मी ट्रकच्या केबिनमध्येच होते. बाबा म्हणाले, कोनी नाही.
लायसन कायमचं रद्द.

२२ जानेवारी
जेवताना सांगितलं, अपील करता येतं. बाबांनी ताटावरून उठून हात धुतले.
अमरावतीला नकार कळवला. इथल्याच ऑफिसला वेळेवर गेले.