हिरवा दिवा लागण्याआधी

३ फेब्रुवारी

ती. मामीस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तुला लिहितेय, मामाला नाही, कारण तो वाचता वाचताच उत्तर द्यायला लागतो आणि अर्धं पत्र वाचायचं राहून जातं. शिबिरात मी मजेत आहे. खोलीत आम्ही दोघी. दुसरी इतकी घोरते की गोळीच्या आवाजासाठी कानांवर लावायची झाकणं मी झोपतानाही लावते. सावकाश नेम धरायच्या फेरीत मी इथल्या सगळ्यांच्या पुढे आहे. एवढं मामाला मोठ्याने वाचून दाखव.

यापुढचं हळू वाच. झटपट फेरीत माझं गाडं अडलंय. तिथे हात तिरका खाली धरून उभं राहायचं आणि हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत पिस्तूल वर आणून एकच गोळी मारायची. आपल्या क्लबात मामा शिकवताना दिव्याचं बटण दाबायचा, तेव्हा हे मला कधी जड गेलं नाही. इथे दिवा लागतो, मला दिसतो, पण हात जागचा हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, मग घाईत चाप ओढते आणि गोळी भलतीकडे जाते.

इथल्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, नजर चांगली आहे पण चपळाई अंगातच नाही. वीस तारखेच्या निवड स्पर्धेत असंच झालं तर संघातली जागा जाईल आणि हा प्रकारही मला कायमचा सोडावा लागेल. मला लहानपणापासून भिंगरी म्हणता आणि मी मंद? रडू येतं आणि रागही येतो. मामाला विचार, इथली जमीन सिमेंटची आहे, त्याने काही होत असेल का?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामीचे अ. उ. आ.

सिमेंटचं वाचून तुझा मामा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. तोंडाने असं म्हणाला, पण त्या दिवशी जेवला नाही नीट. तुझ्याहून जास्त झोप त्याची उडाली आहे.

आता नीट वाच. परवा तो चष्मा घरी विसरला म्हणून मी क्लबात गेले. तो नवे दिवे बसवून तपासत होता, बटण दाबायचं, हिरवा लागतो का पाहायचं. मी त्याच्या पुढे, लक्ष्यांकडे पाठ करून उभी. त्या जागेची मला धास्तीच वाटते. आणि काय सांगू, दिवा लागायच्या आधी माझ्या तळपायांना कळायचं. मी आता लागेल म्हणून सांगायचे आणि तो लागायचा. मामा चक्रावला.

मग मी त्याचे पाय पाहिले. बटण दाबण्याआधी हा माणूस उजवी टाच उचलतो, आणि ज्या लांब लाकडी फळीवर मागे तो आणि पुढे तू उभी राहतेस, ती पुढे दबते. मला मागणी घालायला आला होता तेव्हाही टाच उचलूनच बोलला होता. इतकी वर्षं तू दिव्यावर नाही, त्याच्या टाचेवर हात उचलतेस. सिमेंटवर टाच कशी कळणार?

आधी त्याने साफ नाकारलं. टाच टेकवून दाब म्हटलं तर त्याला बटणच सापडेना. शेवटी हसला, आणि मग डोळे पुसत बसला. म्हणाला, पोरीची चपळाई मीच खाल्ली.

त्याचा निरोप असा. सतरंजीच्या चार घड्या घालून त्यावर उभी राहा, म्हणजे पाय टाचेची चाहूल घ्यायचा नादच सोडतील. आधी रिकाम्या पिस्तुलाने सराव कर. मनगट घट्ट, हात खांद्यातून उचलायचा, निघताना झपाट्याने आणि पोचताना सावकाश. पिस्तुलाच्या मागे नजर फिरवू नकोस, नजर लक्ष्यापाशी आधीच जाऊन बसलेली असू दे. चापावरचा पहिला दाब वाटेतच घे.

माझा निरोप एवढाच की तू मंद नाहीस. बाईंना सांगायला मी येऊ का?

तुझ्या पत्राची वाट पाहणारी
मामी

२१ फेब्रुवारी

ती. मामीस आणि ती. मामास भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

जिंकले. पहिली आले, संघात आहे, आणि हे पत्र मामाने मध्येच न बोलता वाचायचं आहे.

सतरंजीवर पहिले दिवस वाईट गेले. पायांना जमीनसुद्धा कळेना तेव्हा मला आंधळ्यासारखं वाटलं. मग एका सकाळी हिरवा दिसला आणि मला कळायच्या आत हात वर होता. मी एकटीच हसले. बाईंना वाटलं, पोर बिघडली.

काल शेवटच्या पाच गोळ्या उरल्या तेव्हा मी आणि माझी घोरणारी बरोबरीत होतो. पाय सवयीने वाट पाहत होते, त्यांना म्हटलं पाहत राहा. दिवा लागला, हात निघाला, वर येता येता मंदावला, आणि पिस्तुलाच्या टोकावरची नेम धरायची माशी काळ्या वर्तुळाखाली अलगद येऊन बसली. पाचही वेळा तसंच, पाचही गोळ्या आतल्या वर्तुळात. बाईंनी पाठ थोपटून आपले शब्द मागे घेतले. मी तुम्हाला बोलावलं नाही म्हणून वाचल्या.

मामी, पुढचं वाक्य मामासाठी गोड करू नकोस. काल पहिल्यांदाच हात माझा मी उचलला. त्याने शिकवलं होतं तस्साच.

मोठ्या स्पर्धेला तुम्ही दोघं या. प्रेक्षकांत मामाची खुर्ची सांगून ठेवली आहे. त्याच्या हातात बटण नसेल, तेव्हा टाळ्यांना दोन्ही हात मोकळे.

आहे ती माया पुरत नाही, अजून पाठवा.

तुमची
भिंगरी